गयास मिस्त्रीनं न उघडलेला गोळा

गाडीला काय झालंय हे बॉनेट न उघडताच सांगून टाकणारे मिस्त्री औरंगाबादेत पुष्कळ होते. गयास त्यांतला नव्हता. क्रांती चौकाच्या मागच्या अंगाला, टायरवाल्यांच्या ओळीत त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. गिऱ्हाईक जीप घेऊन यायचं, मागून आवाज येतोय म्हणायचं, बेअरिंग गेली असेल, क्लच बसला असेल, असे स्वतःच तर्क लढवायचं. गयास सगळं ऐकून घ्यायचा, चहा मागवायचा आणि म्हणायचा, "उघडून बघू, मग बोलू."

ही सवय त्याला बापाकडून आली होती. बाप सरदार, निजामाच्या काळापासून बस डेपोत फिटर. पोलीस ॲक्शननंतर गल्लीतली निम्मी घरं उठली. कुणी हैदराबादेत गेलं, कुणी त्याच्याही पलीकडं. सरदारला त्याच्या थोरल्या भावाचा निरोप आला होता, सामान बांध म्हणून. "बसाँ तो यहींच हैं, मैं काँ जाऊँ?" एवढंच तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डबा घेऊन डेपोत गेला. डेपोवरची पाटी बदलली, साहेब बदलले, भिंतीवरचे पाने तेच राहिले. पुढं चार वर्षांनी गयास जन्मला आणि त्याच डेपोच्या आवारात तेलकट कापडांच्या ढिगावर लहानाचा मोठा झाला. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जिपा शहरात येऊ लागल्या होत्या. गयासनं त्यांना जो हात घातला तो चाळीस वर्षं काढला नाही.

फक्त एका कामाला तो शिवायचा नाही. मागचा गोळा लॉक करून द्या असं कुणी म्हटलं की तो हात पुसत उठायचा आणि म्हणायचा, "ते काम मी करत नाही." का करत नाही, हे तो कुणाला सांगत नसे.

जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, एक्सलच्या पोटात, लोखंडाचा एक फुगवटा असतो. त्याला सगळे गोळाच म्हणतात. त्याच्या आत गिअरांची एक जुळणी असते. वळण घेताना आतल्या चाकाला थोडं जायचं असतं, बाहेरच्याला जास्त. ती वाटणी हा गोळा करून देतो. रस्त्यावर यासारखी गुणी वस्तू नाही. पण चिखलात तिचा हाच गुण आडवा येतो. ज्या चाकाला पकड नाही ते गरगर फिरत राहतं आणि घट्ट जमिनीवरचं चाक ढिम्म उभं राहतं. मग ज्यांना रानावनात गाडी न्यायची असते ते मिस्त्रीकडं येतात आणि म्हणतात, ही दोन्ही चाकं एकत्र फिरतील असं काहीतरी करा.

दोन हजार अकराच्या मे महिन्यात आवडाबाई आली ती हेच सांगत आली. भर उन्हात, फर्दापूरपासून शंभर किलोमीटर जीप एकटीनं चालवत. पन्नाशीला टेकलेली बाई, डोक्यावर पदर, पायात पुरुषी चामडी चपला. नवरा गेला तेव्हा घरात ही जीप तेवढी राहिली होती. चाळिसाव्या वर्षी ती स्वतःच चालवायला शिकली. फर्दापूरच्या वरच्या डोंगरातल्या वाड्यांचं दूध रोज सकाळी खाली केंद्रावर पोचवायचं हे तिचं काम.

"मिस्त्री, गाडी फोर व्हील हाय. तरी फसती. ह्याला काय म्हनायचं?"

"कुठं फसते?"

"वाटंत एक नाला हाय. चढताना पुढचं एक अन् मागचं एक चाक उचलतं अन् गरागरा फिरतं. बाकीची दोन बघत बसत्यात." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "गेल्या सरावनात तीनदा दूध नासलं. चाळीस घरांचं दूध माझ्या हातानं नाल्यात ओतलं. आता केंद्रावाले म्हनत्यात, औंदा खाडे पडले तर वरचं दूध घ्यायचं बंद. मग त्या बायांनी काय करायचं? म्हशी इकायच्या?"

गयासनं नेहमीचं उत्तर दिलं. आवडाबाई उठली नाही. आडव्या टाकलेल्या टायरवर नीट मांडी घालून बसली.

"चार गॅरेज फिरून आले. एक जण म्हनला, गोळ्यातल्या गिअरांना वेल्डिंग मारून देतो, दुपारपर्यंत गाडी न्या. म्यां इचारलं, ह्यात धोका काय? म्हनला, काय बी नाय. मला पटलं नाय. मग तुमच्या शेजारचा टायरवाला म्हनला, गयास मिस्त्री हे काम करतच नाय. म्हनलं, मग तेच्याकडंच जाते. जो नाय म्हनतो तेला काहीतरी ठावं असंल."

गयासनं हातातलं फडकं खाली ठेवलं. वेल्डिंग हा शब्द ऐकला की त्याला पाचोडचा बद्रीनाथ दिसायचा.

बद्रीनाथ मोसंबीच्या बागेचा धनी, गयासच्याच वयाचा, त्याचा जिवाभावाचा दोस्त. एकोणीसशे नव्वदच्या पावसाळ्याआधी तो आपली लिलावातली जीप घेऊन आला. काळ्या मातीत ती रुतून बसायची, बागेतला माल बांधावरच पडून राहायचा. बाहेरची कसली यंत्रं तेव्हा मिळत नव्हती. गयास ऐन उमेदीत होता, हाताला खाज होती. त्यानं गोळा खाली घेतला, आतल्या गिअरांना वेल्डिंग मारून दोन्ही चाकं कायमची एकमेकांना बांधून टाकली. बद्रीनाथला बजावलं, डांबरावर हळू, वळणावर आणखी हळू, गाडी वळायला कुरकुर करेल. त्या साली बद्रीनाथची जीप गुडघाभर चिखलातून बैलासारखी निघायची. लोक बघायला यायचे. आणि आषाढातल्या एका सकाळी ओल्या सडकेवरच्या वळणावर ती सरळ खड्ड्यात गेली. बद्रीनाथचा पाय दोन ठिकाणी मोडला.

गयास घाटीच्या सरकारी दवाखान्यात त्याला बघायला गेला. पलंगाशी उभा राहिला. बद्रीनाथनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. गयास मोसंबीची पिशवी पलंगाखाली ठेवून बाहेर पडला. त्यानंतर तो पाचोडला गेला नाही, बद्रीनाथ गॅरेजवर आला नाही. पाय वाकडा बसला, काठी लागली, एवढं कुणाकुणाकडून कळलं.

आवडाबाईला यातलं काही सांगितलं नाही. पण गयास म्हणाला, "वेल्डिंग कुणाकडूनही मारून घेऊ नका, बाई. चला, काकासाहेबांकडं जाऊ."

काकासाहेबांचं स्पेअर पार्टचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. पुण्यामुंबईच्या हौशी जीपवाल्यांशी त्यांचा संबंध, त्यामुळं नव्या वस्तूंची चित्रं त्यांच्याकडं आधी यायची. त्यांनी काउंटरवर दोन कागद पसरले.

"ही लिमिटेड स्लिप," त्यांनी एकावर बोट ठेवलं. "आत चकत्यांची थप्पी असते. एक चाक घसरायला लागलं की चकत्या एकमेकींना धरतात आणि दुसऱ्या चाकालाही जोर देतात. चालवणाऱ्यानं काहीच करायचं नाही. खटका नाही, दांडा नाही. फक्त तेल कंपनी सांगेल तेच घालायचं. आणि हा लॉकर. खटका दाबला की हवेच्या दाबानं दोन्ही चाकं एक होतात, वेल्डिंग मारल्यासारखी. खटका काढला की पुन्हा साधा गोळा. पण चालू राहिला आणि डांबरावर वळण आलं, तर गाडी वळायला बघत नाही. बाईमाणसाला कशाला ती कटकट? लिमिटेड स्लिप घाला, मिस्त्री."

गयासला हायसं वाटलं. खटकाच नाही म्हणजे विसरायचीही भीती नाही. तो हो म्हणणार एवढ्यात आवडाबाई म्हणाली, "आन् चाक पार हवंत असलं तर?"

काकासाहेबांनी डोकं खाजवलं. "तेव्हा जरा कमी चालेल."

"जरा म्हंजी?"

काकासाहेब गयासकडं बघू लागले. गयास म्हणाला, "नाला बघू, मग बोलू."

दुसऱ्याच दिवशी तो तिच्याबरोबर फर्दापूरला गेला. डांबर संपलं, मुरुमाची वाट सुरू झाली आणि अर्ध्या तासानं तो नाला आला. मे महिन्यात त्यात थेंब नव्हता, पण गयासला पाणी बघायचं नव्हतं. वाड्यांकडून दूध घेऊन येताना अलीकडच्याच काठावर वाट तिरकी चढत होती आणि मधे एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खड्डा. आवडाबाईनं जीप पलीकडं नेऊन वळवली आणि हळूच त्या चढात घातली. बरोबर तिनं सांगितल्यासारखं झालं. उजवं पुढचं चाक उचललं, डावं मागचं जमिनीपासून वीतभर वर लटकलं. गयास खाली बसला आणि ते मागचं चाक त्यानं तळहातानं ढकललं. ते फिरत राहिलं.

त्याला जे ओळखायचं होतं ते त्यानं ओळखलं. चकत्यांच्या गोळ्याला घसरणाऱ्या चाकाकडून थोडा तरी अडथळा लागतो. चिखलात तो मिळतो, वाळूत मिळतो. इथं चाक हवेत होतं. अडवायला काहीच नाही, मग चकत्या वाटून तरी काय देणार? आवडाबाई एरवी निम्म्या जागी निघाली असती, पण या नाल्यात पुन्हा अडकली असती. इथं दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकरच पाहिजे होता. म्हणजे वेल्डिंगचाच भाऊ.

"काय दिसलं?" आवडाबाईनं विचारलं.

"चार दिवसांनी सांगतो," तो म्हणाला.

त्या चार दिवसांत गॅरेजमधल्या एका गाडीचे ब्रेक त्यानं दोनदा बसवले आणि दोनदा काढले. दुपारी घरी जेवायला आला तरी घास हातात घेऊन बसून राहायचा. त्याची बायको अख्तरी हे तीन दिवस बघत होती. चौथ्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं.

"इक्कीस साल हो गए जी. जाके एक बार पूछ लेव ना उससे. मारेंगा तो नै."

"मारा तो अच्छाच है," गयास म्हणाला.

"तो फिर जाव."

पाचोडच्या स्टँडवर तो उतरला तेव्हा आठवडी बाजार भरला होता. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तो बाजाराला वळसा घालून मागच्या पायवाटेनं निघाला. बाग तीच होती, झाडं मात्र नव्यानं लावलेली. बांधावर काठी टेकून एक पांढऱ्या मिशांचा माणूस पाण्याची नळी सरळ करत होता. त्याचा डावा पाय जरासा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. गयास वीस पावलांवर थांबला. सलाम करावा की हाक मारावी हे त्याला उमगेना.

बद्रीनाथनंच वर पाहिलं. नळी खाली टाकली. मग म्हणाला, "आला व्हय रे शेवटी?"

"आलो."

"ये, बस. उन्हात उभा ऱ्हाऊ नको."

दोघं मोसंबीच्या झाडाखाली बसले. बद्रीनाथची बायको द्वारकाबाई पाणी देऊन गेली. काय बोलावं हे गयासनं बसमध्ये घोकून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. शेवटी त्यानं आवडाबाईची सगळी हकिकत सांगितली, नाला सांगितला, हवेतलं चाक सांगितलं, लॉकर सांगितला. आणि म्हणाला, "बद्री, माझा हात उचलत नाही. तुझा पाय माझ्या वेल्डिंगनं गेला. आता त्या बाईला तसलंच काहीतरी बसवून देऊ का नको, हे तूच सांग. तू नको म्हणालास तर नाही बसवणार."

बद्रीनाथनं काठी मांडीवर आडवी घेतली. "तुझ्या वेल्डिंगनं?"

"हो."

"गयास, तू येडा हायेस का? तो गोळा तर मी आधीच काढला व्हता."

गयासला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय काढला होता?"

"तू वेल्डिंग मारलेला गोळा. पडायच्या आधी तीन आठवडे. टायर खायला लागला व्हता रं. डांबरावर वळताना कचाकच ओरडायचा, गाडी सरळच पळायला बघायची. म्हनलं, एक टायर गेलं, आता दुसरं जाईल. मग इथल्याच एका मिस्त्रीकडनं भंगारातला साधा गोळा आनून बसवला." तो मान खाली घालून बोलत होता. "तुला सांगायची लाज वाटली. तू तीन दिवस ऱ्हायला व्हतास त्या कामावर, एक पैसा घेतला नव्हता. अन् मी ते उचकटून दुसऱ्याच्या हातानं साधा गोळा घातला."

"मग घाटीत तोंड का फिरवलंस?"

"मला वाटलं, तू गाडी बघून आलायस. गोळा उघडून बघितला असशील. तू उघडल्याशिवाय ऱ्हातोस व्हय? म्हनलं, आता हा इचारनार, माझं काम का काढलंस. कुठल्या तोंडानं बघू तुझ्याकडं? अन् पुन्हा तू आलाच नाहीस. मग माझी खातरीच झाली, की तुला राग आलाय."

गयासनं ती जीप बघितली नव्हती. ती पाचोडच्या पुढच्या वळणावर दोन महिने पडून होती, मग भंगारात गेली. जन्मभर त्यानं प्रत्येक गाडी उघडून बघितली होती. या एका गाडीजवळ जायचा त्याला धीर झाला नव्हता.

"मग पडलास कशानं?" त्यानं कसंबसं विचारलं.

"कशानं म्हंजी? पुढचं टायर तुळतुळीत, वर मोसंबीच्या पाट्या खच्चून भरलेल्या, अन् बाजार गाठायचा म्हनून मी पळवत व्हतो. आडवं वासरू आलं. साधी बैलगाडी असती तरी पडलोच असतो."

गयासनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बद्रीनाथला वाटलं तो रडतोय, म्हणून त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण गयासचे खांदे हसण्यानं हलत होते. आधी हसला, मग रडला, मग पुन्हा हसला. "इक्कीस साल," तो म्हणत होता, "इक्कीस साल, बद्री!" मग बद्रीनाथलाही हसू आवरेना. काठी मांडीवरून घसरून पाटात पडली तरी दोघं हसतच होते. पलीकडं खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून बघू लागल्या. द्वारकाबाई लगबगीनं बाहेर आली आणि विचारू लागली की अहो झालं काय, पण सांगण्याइतका दम दोघांतही नव्हता.

जेवणं झाल्यावर बद्रीनाथ शांत झाला. "पन एक ध्यानात ठेव," तो म्हणाला. "तुझं भ्या खोटं नव्हतं. डांबरावर तो गोळा लई आडमुठा. त्या बाईला बसवून दे, पन सडकंवर तो चालू ऱ्हानार नाय अशी काहीतरी तजवीज कर."

"करतो," गयास म्हणाला. परतीच्या बसमध्ये त्याला खिडकीशी जागा मिळाली. त्यानं खिडकीची काच खाली केली आणि सगळ्या रस्ताभर वारा तोंडावर घेतला.

लॉकर पुण्याहून यायला दोन आठवडे लागले. तो आला तेव्हा गयासनं दुसरं काम घेतलं नाही. मागचा गोळा उघडला, आतली जुनी जुळणी काढली, नवी बसवली. दातांत दात बरोबर बसले की नाही हे बघायला त्याच्या बापाची जुनी रीत होती: शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचा आणि चाक हातानं फिरवून ठसा कुठं उमटतो ते बघायचं. गुलमंडीवरच्या दुकानदारानं शेंदूर पुड्यात बांधताना विचारलं, "मिस्त्री, कुठल्या देवाला?" गयास म्हणाला, "मागच्या चाकाला." पहिल्यांदा ठसा दाताच्या कडेला आला. त्यानं सगळं पुन्हा खोललं, पातळ पत्र्या बदलल्या. दुसऱ्यांदा थोडा आत आला. तिसऱ्यांदा दाताच्या बरोबर मधोमध, खारकेच्या आकाराचा स्वच्छ ठसा उमटला. गयास त्या ठशाकडं बराच वेळ बघत बसला.

मग त्यानं बद्रीनाथच्या तजविजीकडं लक्ष दिलं. खटक्यावर झाकण बसवलं, म्हणजे चुकून हात लागायला नको. समोर लाल दिवा लावला. आणि जुन्या ट्रकचा मागं येताना वाजणारा भोंगा आणून खटक्याला जोडला. लॉकर चालू असेतोवर तो भोंगा वाजत राहणार. आवडाबाईनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा कानांवर हात ठेवले.

"अगं आई! ह्यो काय परकार?"

"हा वाजत असताना कुणी डांबरावर गाडी चालवू शकेल का?"

"डांबरावर कशाला, नाल्यात बी जीव जाईल माझा!"

"नाल्यात जाऊ द्या. आता सांगा, लॉकर कधी लावायचा?"

आवडाबाईनं बोटांवर मोजत सांगितलं. अडकायच्या आधी, थांबून. सरळ जाताना. अगदी हळू. नाला ओलांडला की लगेच बंद. सडकेवर कधीच नाही. गयासनं तिच्याकडून हे तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा ती वैतागली, "मिस्त्री, मी मुंजीतला बटू हाय का?" पण म्हणून दाखवलं.

श्रावण अर्धा उलटला तेव्हा तिचा फोन आला. त्या सकाळचं दूध पोचलं आणि मागोमाग डोंगरात पावसानं झोडपलं होतं, नाल्याची वाट पार धुऊन निघाली होती, खड्डा गेल्या सालापेक्षा खोल झाला होता. "उद्या सकाळी मी नाला चढनार. या बघायला."

गयासनं पाचोडला फोन लावला. बद्रीनाथ म्हणाला, मीही येतो. दोघं संध्याकाळच्या आत वाडीवर पोचले. सकाळी चाळीस घरांचं दूध कॅनांत भरलं गेलं आणि कॅन जिपेत चढले. तीन-चार बाया चालत नाल्यापर्यंत आल्या.  गयास पलीकडच्या काठावर जाऊन उभा राहिला. 

जीप पाण्यात उतरली, सावकाश पलीकडं आली आणि चढाच्या तोंडाशी थांबली. आवडाबाईनं झाकण उघडून खटका दाबला. भोंगा वाजू लागला, डोंगरात घुमू लागला. जीप चढाला लागली. पुढचं उजवं चाक उचललं. मागचं डावं चाक चिखलातून सुटलं आणि हवेत आलं. गयास खाली वाकून बघू लागला. त्याला हवेतलं चाक फिरताना दिसत होतं. पण त्याच्या जोडीचं, खडकावर टेकलेलं चाकही तितक्याच संथपणे फिरत होतं. एक वीत. दुसरी वीत. जीप एका बाजूला कलली, कॅन खडखडले, मग उचललेलं चाक अलगद खाली टेकलं आणि गाडी काठावर येऊन उभी राहिली. आवडाबाईनं खटका बंद केला. भोंगा थांबल्यावर एकदम इतकी शांतता झाली की नाल्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

पहिली ओरडली ती बायांमधली वच्छलाबाई. तिच्या चार म्हशींचं दूध त्या कॅनांत होतं. मग सगळ्याच ओरडायला लागल्या. बद्रीनाथ काठी वर करून नाचवत होता. आवडाबाई खाली उतरली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिली, आणि गयास जवळ गेला तेव्हा तिनं डोळे पुसले.

"मिस्त्री," ती म्हणाली, "लई सोपं झालं हो."

 त्यानं वाकून मागच्या गोळ्याला हात लावून बघितला. गरम नव्हता. कसला आवाज नव्हता, तेल कुठं झिरपलेलं नव्हतं. त्यानं अंगठा वर करून दाखवला आणि ती हसली.

दूध केंद्रावर वेळेत पोचलं. त्या साली एकही खाडा पडला नाही, आणि पुढल्या पाच पावसाळ्यांतही नाही. मग त्या नाल्यावर पूल झाला आणि आवडाबाईला भोंग्याची गरज उरली नाही. वाडीतल्या लोकांना मात्र तो आवाज इतका सवयीचा झाला होता की पुलानंतर काही दिवस सकाळी चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं म्हणे.

गयासनं त्यानंतर गोळ्याची कामं घ्यायला सुरुवात केली. अट एकच: जिथं गाडी अडकते ती जागा आधी दाखवायची. ज्याचं काम चकत्यांच्या लिमिटेड स्लिपनं भागत होतं त्याला तो लॉकर बसवायचा नाही, गिऱ्हाईक कितीही मागं लागलं तरी. पैठणच्या वाळूत जीप चालवणाऱ्या एकाला त्यानं लॉकर नाकारला आणि चकत्याच घ्यायला लावल्या. मोसंबीच्या हंगामात बद्रीनाथ महिन्यातून दोनदा गॅरेजवर येऊन बसायचा. लोकांना वाटायचं ते दोघं कधी वेगळे झालेच नव्हते.

जीप पहिल्यांदा नाला चढली त्या दिवशी फर्दापूरहून परतताना दोघांना बसमध्ये मागची सीट मिळाली. बद्रीनाथनं आपला न वाकणारा पाय मधल्या वाटेत लांब केला, चढणाऱ्या-उतरणाऱ्या सगळ्यांना सरका-सरका म्हणत राहिला. गयास खिडकीशी बसला होता. अजिंठ्याचा घाट सुरू व्हायच्या आधीच त्याची मान कलली आणि डोकं बद्रीनाथच्या खांद्यावर आलं. सिल्लोडला बस थांबली, भजीवाले ओरडत चढले, बस पुन्हा निघाली. गयास जागा झाला नाही. बद्रीनाथला चहा प्यायचा होता, पण तो खांदा न हलवता तसाच बसून राहिला. सिडकोच्या अलीकडं कंडक्टरनं विचारलं, "ह्यांना कुठं उतरायचंय?"

"उतरंल कुठं बी," बद्रीनाथ म्हणाला. "झोपू द्या जरा."